भावाची गार्डियनशिप घ्यायची की त्याला निर्णयात मदत करायची? नागपूरच्या एका ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुमचा भाऊ 29 वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे, वर्कशॉपला जातो, फायली आणि कागदी पिशव्या बनवतो, स्वतःची सही स्वतः करतो. वडील मागच्या वर्षी गेले. त्यांच्या एफडीच्या कामासाठी तुम्ही बँकेत गेलात तर काउंटरवर सांगितलं की याची सही चालणार नाही, गार्डियनशिपचा, म्हणजे कायदेशीर पालकत्वाचा, कागद आणा. मामा म्हणून राहिले की एकदाची गार्डियनशिप करूनच टाका, म्हणजे नंदनवन भागातल्या घरातला त्याचा हिस्साही तुमच्या नावावर करून घेता येईल, पुढे कटकट नको. आणि भाऊ एकच गोष्ट धरून बसला आहे की सही मी करणार. तुम्ही विचारलंय की सपोर्टेड डिसिजन मेकिंग, म्हणजे निर्णय त्याचाच पण घ्यायला मदत, असं काहीतरी असतं म्हणे, तशी सर्विस नागपुरात मिळते का, की हे सगळं परदेशातच.

मी नागपुरात बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मोठ्या माणसांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर बरीच वर्षं काम करते. वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे सांगीन ते कामाच्या ओघात रोज लागतं तेवढंच, शेवटचा कागद वकिलाला दाखवूनच करायचा.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी कामं एकात एक गुंतली आहेत. एफडीचे पैसे काढणं हे एक, घराचा हिस्सा हे दुसरं, आणि आईनंतर काय हे तिसरं. मामा सांगतात तसं तिन्हींवर एकच कागद लावायला गेलात की गडबड होते, कारण पहिल्या कामाला कदाचित गार्डियनशिप लागणारच नाही, दुसऱ्या कामात ती तुम्ही घेणं बरोबर नाही, आणि तिसऱ्याला नुसती गार्डियनशिप पुरत नाही. आणि बँक काय म्हणते, मामा काय म्हणतात, आई काय म्हणते हे तुम्ही नीट लिहिलंय, भावाचं मात्र एकच वाक्य आहे. त्याला एफडी म्हणजे काय ते माहीत आहे का, घरातला हिस्सा म्हणजे काय ते कोणी सांगितलंय का, हे तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. मला वाटतं खरं काम तिथूनच सुरू होतं.

आता बरंच काही परिस्थितीवर आहे. एफडीला नॉमिनी कोण, घर वडिलांनी स्वतः घेतलेलं की आजोबांकडून आलेलं, मृत्युपत्र आहे की नाही, प्लॉट एनआयटीचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजवरचा आहे का, भाऊ वाक्यात बोलतो की दोन-तीन शब्दांत, अनोळखी माणसासमोर गप्प होतो का, यातलं एकेक बदललं की उत्तर बदलतं. म्हणून मी विचार कसा करते ते सांगते, तुमच्या घराला जुळेल तसं घ्या.

आधी कायद्याचं. मूल 18 वर्षांचं होईपर्यंत आईबाप नैसर्गिक पालक असतात. 18 पूर्ण झाली की अपंगत्व असलं तरी कायद्याने तो मोठा माणूस, आपोआप कोणी त्याचं गार्डियन राहत नाही, आई सुद्धा नाही. हे खूप घरांना माहीतच नसतं आणि पहिला धक्का बँकेच्या काउंटरवरच बसतो. मग दोन रस्ते पुढे येतात. एक म्हणजे 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा, ज्याला सगळे नॅशनल ट्रस्ट म्हणतात, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी आहे. त्यात जिल्ह्याची लोकल लेव्हल कमिटी गार्डियन नेमते, आपल्याकडे ते काम कलेक्टर ऑफिसातून चालतं, कमिटीत सरकारी अधिकारी, नोंदणी झालेल्या संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आणि हे लक्षात ठेवा की याच कायद्याच्या कलम 14 मध्ये लिहिलंय की कमिटीने आधी बघायचं की या माणसाला गार्डियनची गरज आहे का, आणि असली तर कशासाठी. म्हणजे मागितली आणि दिली असं ते नाही.

दुसरा म्हणजे 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचं कलम 13 तुम्ही प्रिंट काढून फाइलमध्येच ठेवा. त्यात म्हटलंय की दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखाच मालमत्ता बाळगायचा, वारसाने घ्यायचा, स्वतःचे पैशाचे व्यवहार सांभाळायचा, बँकेच्या कर्जापर्यंतचा हक्क आहे. मदतनीस घ्यायचा हक्क आहे, मदतनीस बदलायचा किंवा ती व्यवस्थाच मोडायचा हक्क आहे, आणि मदत करणाऱ्याने दबाव टाकायचा नाही, त्याची इज्जत आणि खासगीपणा जपायचा. कलम 14 मध्ये मर्यादित गार्डियनशिप आहे, ठराविक काळासाठी, ठराविक निर्णयासाठी, दोघांनी मिळून आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे चालणारी. फारच जास्त आधार लागत असेल तर पूर्ण आधाराची सोयही त्याच कलमात आहे, पण त्यावर पुन्हा तपासणी ठेवली आहे. हे सगळं आलं संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारातून, त्याचं कलम 12, आपल्या देशाने 1 ऑक्टोबर 2007 ला तो करार मान्य केला. पेरूसारख्या देशाने 2018 मध्ये दिव्यांग प्रौढांवरची जुनी गार्डियनशिप काढूनच टाकली. आपल्याकडे मात्र दोन्ही कायदे शेजारी शेजारी चालू आहेत, एक गार्डियन देतो आणि एक म्हणतो आधी आधार द्या, त्यामुळे ऑफिसवाले गोंधळतात आणि त्यांना जो कागद ओळखीचा असतो तोच मागतात.

बँकवाल्यांच्या बाजूनेही सांगते, कारण ते मुद्दाम छळतात असं नाही. 1872 चा करार कायदा आहे, त्याच्या कलम 12 मध्ये म्हटलंय की करार करताना माणसाला तो व्यवहार समजला पाहिजे आणि आपल्या हिताचं काय याचा विचार करता आला पाहिजे. क्लार्कला भीती असते की उद्या कोणी म्हणेल याला समजत नव्हतं आणि तुम्ही सही घेतली. पण त्या कलमात आयक्यू लिहिलेला नाही, अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरचे टक्के लिहिलेले नाहीत. हा व्यवहार, या वेळी, समजतो का एवढंच आहे. म्हणजे 60 टक्के सर्टिफिकेट असलेल्या माणसाला आपल्या खात्यातून हजार रुपये काढणं पूर्ण समजू शकतं आणि त्याच माणसाला घर गहाण ठेवणं अजिबात समजणार नाही, दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

सुप्रीम कोर्टाचं 2009 चं एक प्रकरण मी पालकांच्या मीटिंगमध्ये नेहमी सांगते, सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगढ प्रशासन. सरकारी संस्थेत राहणारी अनाथ मुलगी, सौम्य बौद्धिक अक्षमता, तिच्यावर संस्थेतच अत्याचार झाला आणि ती गरोदर राहिली. हायकोर्टाने गर्भपात करा म्हटलं. तिला मूल हवं होतं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही, तिची इच्छा मानली पाहिजे. एवढ्या मोठ्या, एवढ्या कठीण गोष्टीत कोर्टाने तिचा शब्द मोजला, मग आपण आपल्या घरात एफडीच्या फॉर्मवर भावाला विचारत नसू तर थोडं थांबून बघायला पाहिजे.

आता एफडी. ताई, सगळ्यात आधी पावती काढा आणि नॉमिनी बघा. नॉमिनी आईचं नाव असेल तर बँकेला आईचा क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि ओळखीचे कागद लागतात, वारसांच्या सह्या मागायचं काम नाही, नॉमिनी असताना वारस प्रमाणपत्राचा हट्ट धरू नका असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलंय. म्हणजे गार्डियनशिपचा विषयच तिथे संपतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे सगळ्या वारसांसाठीच आईच्या हातात येतात, त्यात भावाचा हिस्सा आहे आणि तो त्याच्या नावाने वेगळा ठेवला पाहिजे. एफडी आई-वडिलांच्या जॉइंट नावावर आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणी एक किंवा मागे राहील तो, अशी असेल तर अजून सोपं. दोन्ही नसेल तर मात्र सगळ्या वारसांच्या सह्या येतात आणि भावाची सही खरंच लागते, तेव्हा पुढचं वाचा.

बँकेत पुन्हा जाल तेव्हा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, पेन्शनवाल्यांची गर्दी असते, कोणाला ऐकायला वेळ नसतो. मधल्या तारखेला, सकाळी उघडल्या उघडल्या जा. भावाला घेऊन जा, आणि काउंटरवर न बोलता मॅनेजरच्या केबिनमध्ये बसा. फॉर्म आधीच घरी आणून दोन-तीन दिवस भावाबरोबर वाचलेला असू द्या. मॅनेजरला म्हणा, साहेब तुम्हीच त्याला विचारा. तुम्ही मध्ये उत्तर देऊ नका, हे सगळ्यात कठीण जातं, घरच्या माणसाची जीभ आपोआप पुढे येते. तो म्हणाला ना की हे बाबांचे पैसे आहेत, ते तिघांचे आहेत, माझे माझ्या खात्यात पाहिजेत, तर बऱ्याच मॅनेजरांचा सूर तिथेच बदलतो, मी हे होताना पाहिलंय. तरी नाही म्हणाले तर भांडू नका, कारण लेखी द्या म्हणा. लेखी मागितल्यावर बरीच नकारघंटा आपसूक बंद होते. नाहीच झालं तर बँकेचा तक्रार विभाग, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्याला आहे तिथेही अर्ज करता येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, की ही सर्विस असते कशी. परदेशात काही ठिकाणी यासाठी वेगळा कायदा आहे, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात माणूस कागदावर लिहून ठेवू शकतो की मला या या विषयात ही माणसं मदत करतील, 1996 चा कायदा आहे त्यांचा. आपल्याकडे कलम 13 आहे पण त्यासाठीची वेगळी खिडकी माझ्या पाहण्यात तरी नाही. म्हणून आम्ही जे करतो ते घरात बसून, माणसं जोडून करतो. आणि खरं सांगते, अनेक घरांतल्या बहिणी, वहिन्या, वर्कशॉपचे सर हे आधीपासून करतच असतात, फक्त त्याला शिस्त नसते.

मी पहिल्यांदा एक वही करायला लावते. त्यात हा माणूस हो कसं म्हणतो, नाही कसं म्हणतो, हे लिहायचं. हे ऐकायला साधं वाटतं पण बौद्धिक अक्षमता असलेली कित्येक माणसं लहानपणापासून हो म्हणायलाच शिकलेली असतात, हो म्हटलं की शाबासकी मिळते, नाही म्हटलं की ओरडा. चहा घेतो का विचारलं तरी हो, चहा नको ना विचारलं तरी हो. म्हणून एकच प्रश्न उलटा करून विचारायचा, दोन पर्याय असतील तर क्रम बदलून विचारायचा, चार दिवसांनी परत विचारायचा, आणि तिन्ही वेळा तेच आलं तर मानायचं. काही जण तोंडाने हो म्हणतात आणि अंगठा मुठीत दाबून धरतात, किंवा उठून पाणी प्यायला जातात, आईला विचारलं की ती लगेच सांगते की हे त्याचं नाही आहे. असं सगळं वहीत आलं पाहिजे, कारण आई नसताना ते दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

मग निर्णय बारीक करायचा. पैसे सांभाळशील का हा प्रश्नच नाही, त्याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. एका घरातलं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. मुलाला वर्कशॉपचं मानधन मिळायचं, आईला त्याची आरडी करायची होती आणि पोरगा दर महिन्याला फॉर्म बघितला की रडारड करायचा. आईचं म्हणणं याला बचत कळत नाही, आता सगळं माझ्याच नावावर करते. आम्ही टेबलावर खऱ्या नोटा ठेवल्या, शंभर-शंभरच्या, आणि तीन पाकिटं, एकावर समोश्याचं चित्र, एकावर मोबाइलचं, एकावर त्याच्या बँकेच्या दाराचा फोटो. पहिल्या दोन पाकिटांत त्याने पटापट नोटा टाकल्या. बँकेच्या पाकिटात एक टाकली, परत काढली, हातात धरून बसला, आणि मग विचारलं, हे परत देते का ते? म्हणजे त्याचा बचतीला विरोध नव्हता, त्याला वाटायचं बँक पैसे घेऊन टाकते, कारण त्याने फक्त भरतानाच पाहिलं होतं, काढताना कधी नाही. त्याच दिवशी खालच्या एटीएमवर नेलं, त्याच्या कार्डाने शंभर रुपये काढले, त्याच्या हातात दिले, परत मशीनमध्ये शिल्लक दाखवली. पुढच्या महिन्यात आरडीचा फॉर्म त्याने स्वतः सही केला. इतकी वर्षं घरात जे समजत नाही म्हणून खपत होतं, ते कोणी दाखवलं नव्हतं म्हणून होतं. सगळ्याच गोष्टी अशा सुटत नाहीत, पण किती सुटतात ते बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि चुकायची मोकळीक ठेवा. सीताबर्डीच्या बाजारात जाऊन त्याने दीडशेचं मोबाइल कव्हर चारशेला आणलं तर आणू द्या, आपणही आणतो. धोका खरा कुठे आहे ते वेगळं काढा. कोणी त्याच्या नावावर ईएमआयवर फोन उचलेल, कोणी कोऱ्या कागदावर सही घेईल, कोणी त्याचा यूपीआय पिन विचारेल, ही भीती रास्त आहे. त्याला उपाय आहेत, खर्चाचं खातं वेगळं आणि त्यात थोडेच पैसे, एटीएमची आणि यूपीआयची मर्यादा कमी करून घ्यायची, चेकबुक घ्यायचंच नाही, आणि खात्याचे मेसेज त्याच्या मर्जीने तुमच्या फोनवरही यावेत अशी सोय करायची. त्याला सांगून, लपवून नाही. एवढं केलं की नुकसान झालं तरी छोटं होतं आणि त्यासाठी त्याचा पूर्ण हक्क काढून घ्यायची गरज पडत नाही.

मदतीला एकच माणूस नको, हे मी आग्रहाने सांगते. पैशाला तुम्ही, तब्येतीला आई किंवा तो ज्याचं ऐकतो तो, कामाच्या बाबतीत वर्कशॉपचे सर, आणि एकजण घराबाहेरचा ज्याला तुमच्या घरातून काही मिळायचं नाही, शेजारचा मित्र चालेल, मंदिरात सोबत जाणारे काका चालतील. कोण पाहिजे ते भावाने ठरवायचं, फोटो दाखवून विचारा. साध्या कागदावर लिहून ठेवा की अमुक विषयात मी अमुकची मदत घेतो, खाली त्याची सही, त्यांच्या सह्या, तारीख. हा कागद म्हणजे गार्डियनशिप नाही, बँक त्यावर लगेच सगळं मान्य करेल असंही नाही, पण उद्या कमिटीसमोर किंवा कोर्टात त्याची इच्छा काय होती हे दाखवायला असा तारखेचा कागद खूप कामी येतो.

डॉक्टरांच्या बाबतीतही हेच. मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलात, ऑपरेशनचा विषय निघाला तर सही तुमची किंवा आईची मागतील, ती द्या, पण आधी भावाला काय होणार ते सांगितलेलं पाहिजे, सुई कुठे टोचणार, किती दिवस तिथे राहायचं, रात्री सोबत कोण. मानसिक आजाराच्या उपचाराचा विषय असेल तर तिथे वेगळाच कायदा आहे, 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, त्यात माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की माझ्यावर उपचार कसे करा आणि माझ्या वतीने कोण बोलेल. तुमच्या भावाला तसा काही त्रास तुम्ही लिहिलेला नाही म्हणून तिकडे जात नाही.

आता घर. इथे मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा सारखा हिस्सा, म्हणजे भावाचा एक तृतीयांश. तुम्ही त्याच्या गार्डियन झालात आणि त्याचं हक्कसोडपत्र तुमच्याच नावाने झालं, तर देणाऱ्याच्या बाजूलाही तुम्ही आणि घेणाऱ्याच्या बाजूलाही तुम्हीच. तुमच्या मनात काही वाईट नाही हे मला दिसतं, तुम्ही त्याला सांभाळणारच आहात, पण कलम 13 मध्ये साफ लिहिलंय की मदत करणाऱ्याचं आणि मदत घेणाऱ्याचं हित एखाद्या व्यवहारात आडवं येत असेल तर मदत करणाऱ्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं. नुसतं नातं आहे म्हणून हितसंबंध आड येतात असं धरायचं नाही हेही तिथेच लिहिलंय, म्हणजे बहीण आहात म्हणून तुम्ही बाद नाही, त्याच्या बाकी सगळ्या कामात मदत करा, फक्त या एका कामात नाही.

आणि मला त्यापुढचं विचारायचंय, हिस्सा तुमच्या नावावर करायची खरंच गरज काय? कटकट नको हे मामांचं कारण आहे. उद्या तुमचं लग्न, सासर, नोकरीची बदली, कर्ज, काहीही होऊ शकतं, आणि भावाच्या हातात स्वतःच्या नावाचं छप्पर असणं हा त्याचा सगळ्यात पक्का आधार आहे. फेरफारात तिघांची नावं लागू द्या आणि तसंच राहू द्या. पुढे घर विकायचंच ठरलं तर भावासाठी वेगळा वकील करा जो फक्त त्याचं बघेल. यासाठी पैसे लागतात असं समजू नका, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळायचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे अर्ज भावाच्या नावाने द्यायचा, यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राची, झेरॉक्स जोडायची. वकील त्याला एकट्याला भेटेल असं बघा, तुम्ही बाहेर बसा.

मग गार्डियनशिप कधीच घेऊ नये का? असं मी म्हणत नाही. काही माणसांना फार जास्त आधार लागतो, बोलणं नाही, खुणा घरच्यांनाही पूर्ण कळत नाहीत, आणि पेन्शन किंवा बँकेचं काम अडून बसलंय, तिथे मी स्वतः पालकांबरोबर अर्ज भरायला बसते. तुमच्याकडेही नॉमिनी निघाला नाही, बँक कशालाच तयार झाली नाही आणि पैशाची गरज तातडीची असली तर लोकल लेव्हल कमिटीकडे जा. फक्त अर्जात लिहा की कशासाठी पाहिजे, वडिलांच्या एफडीतला त्याचा हिस्सा मिळवून त्याच्या नावाने ठेवण्यासाठी, एवढंच, मोघम सगळ्यासाठी असं लिहू नका. अर्जदार शक्यतो आई असू द्या. आणि जबाबदारी समजून घ्या, नेमणुकीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी द्यावी लागते, दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यावा लागतो, आणि गार्डियनने हयगय केली किंवा पैसे खाल्ले तर त्याला काढता येतं. सर्टिफिकेट मिळाल्यावरही वही बंद करायची नाही, त्याला विचारणं बंद करायचं नाही. कमिटीसमोर त्याला घेऊन जा आणि दोन वाक्यं त्याला बोलू द्या.

आईनंतरचं. यावर वेगळं लिहावं लागेल इतकं मोठं आहे, थोडक्यात सांगते. आईने मृत्युपत्र आत्ताच करावं, तब्येत चांगली असताना. मोठी रक्कम भावाच्या खात्यात एकदम येण्याऐवजी खासगी ट्रस्ट करता येतो, 1882 चा भारतीय न्यास कायदा आहे त्याखाली, विश्वस्त दोन-तीन असावेत आणि सगळे एकाच घरातले नसावेत. वडील सरकारी नोकरीत होते का ते तुम्ही लिहिलं नाही, असतील तर अपंगत्व असलेल्या मुलाला आईनंतर आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते, त्यासाठी भावाचं नाव आणि अपंगत्वाचे कागद आई असतानाच ऑफिसच्या रेकॉर्डला लावून घ्या, नंतर फार चकरा पडतात. निरामय आरोग्य विमा काढला नसेल तर तो काढा, नॅशनल ट्रस्टचाच आहे, एक लाखापर्यंतचं कव्हर.

आणि तो राहणार कोणाजवळ, हे गृहीत धरू नका. बहुतेक घरांत बहिणीकडे जाईल असं सगळे ठरवून मोकळे होतात आणि ज्याला जायचं आहे त्याला सामान भरतानाच कळतं. आत्तापासून तुमच्याकडे आठ दिवस, मग पंधरा दिवस असं राहू द्या, परत आल्यावर विचारा काय आवडलं, काय नाही. कदाचित त्याला नंदनवनातच राहायचं असेल, कारण वर्कशॉपची बस तिथून मिळते, पानठेल्यावाला ओळखतो, तान्हा पोळ्याला गल्लीतली पोरं त्याला बोलावतात. हे कारण आपल्याला छोटं वाटतं, त्याच्यासाठी ते रोजचं जगणं आहे.

नागपुरात कुठे जायचं विचारलंत तर लोकल लेव्हल कमिटीसाठी कलेक्टर ऑफिस, वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरण, समुपदेशन आणि संवादाच्या साधनांसाठी सीआरसी म्हणून केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं केंद्र नागपुरात आहे तिथे, आणि सगळ्यात आधी त्याच्या वर्कशॉपच्या शिक्षकांकडे. ते त्याला रोज सहा-सात तास बघतात, त्याला कसं समजावलं तर कळतं हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असू शकतं. त्यांना सांगा की एफडी आणि घर समजावायला चित्रं करून द्या.

मतदार यादीत त्याचं नाव आहे का तेही बघा. सक्षम कोर्टाने मनोविकल म्हणून जाहीर केलेलं नसेल तर बौद्धिक अक्षमता आहे म्हणून कोणी मत नाकारू शकत नाही. नाव नसेल तर फॉर्म भरा, बोटाला शाई लावून घरी आलेली माणसं पुढे कुठल्याही ऑफिसात जरा ताठ उभी राहतात असा माझा अनुभव आहे.

आता क्रमाने सांगायचं तर या आठवड्यात एफडीच्या पावतीवर नॉमिनी बघा, मामांना सांगा की घराचा विषय सध्या थांबवला आहे, आणि रविवारी भावाला घेऊन बसा, बाबांचा फोटो, एफडीची पावती आणि तीन पाकिटं घेऊन. कोणत्याही स्टॅम्प पेपरवर त्याची सही होऊ देऊ नका जोवर त्याचा स्वतःचा वकील त्याला भेटत नाही, मग तो कागद घरातल्या कोणीही आणलेला असो. नॉमिनीचं काय निघालं ते कळवा, नॉमिनी नसेल तर वारसांच्या क्लेम फॉर्मवर भावाच्या सहीच्या वेळी मॅनेजरसमोर काय काय बोलायचं ते मी तुम्हाला आधी लिहून देते, दोघं मिळून घरी त्याची तयारी करा.